मदत हवी आहे: आजीच्या ओव्या कोणत्या डीव्हीडीवर ठेवू, आर (एकदाच भरता येणारी) की आरडब्ल्यू (पुसून परत भरता येणारी)?

नमस्कार मंडळी,

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. मामाने त्या टेपवर भरून ठेवल्या होत्या. साठ मिनिटांच्या २२ कॅसेटी आहेत. गेला दीड महिना रोज रात्री एक बाजू लावून मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. डब्ल्यूएव्ही फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) मिनिटाला साधारण साडेदहा एमबी खाते, म्हणजे सगळं मिळून १४ जीबीच्या घरात. ४.७ जीबीच्या तीन डीव्हीडींत काठोकाठ होतंय, म्हणून चार धरल्यात.

हार्ड डिस्कवर एक प्रत आहेच. पण आम्ही चिपळूणचे. जुलै २०२१ च्या पुरात खालच्या मजल्यावरचा कॉम्प्युटर पाण्यात गेला, कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. आता एकाच ठिकाणी काही ठेवायची हिंमत होत नाही.

दुकानदार म्हणतो आरडब्ल्यू घ्या, चुकलं तर पुसून परत भरता येतं. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. आजोबांच्या पत्रांचे स्कॅन मी आरडब्ल्यूवर ठेवले होते. घरातल्या कुणीतरी ती रिकामी समजून पुसली आणि वर सिनेमा भरला. ती पत्रं नंतर वाळवीने खाल्ली. दुसरीकडे, ओव्यांची यादी अजून मी दुरुस्त करतेय, रोज एखादा शब्द नव्याने कळतो. मग काय घेऊ? आणि कोकणातल्या दमट हवेत या डिस्क टिकतात का?

प्रतिसाद

ताई, ओव्यांसाठी डोळे मिटून आर घ्या.

आरमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो. लेसरने तो जिथे भाजला तिथे भाजला, मागे फिरत नाही. आरडब्ल्यूत मिश्रधातूचा थर असतो. उष्णतेने तो स्फटिकरूप होतो, पुन्हा तापवून झटकन थंड केला की ते रूप मोडतं. म्हणून ती साधारण हजार वेळा पुसता येते. जे इतक्या सहज मागे फिरतं त्यावर एकुलता एक ठेवा ठेवू नये. शिवाय आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परततो, जुने ड्राइव्ह ती वाचताना अडतात.

आरचा शत्रू ऊन. खिडकीजवळ ठेवू नका. दमटपणासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात त्या बदलत राहा. कागदी पाकिटं नकोत, ओल धरतात. नाव मधल्या पारदर्शक कड्यावरच लिहा. भरताना सर्वांत जास्त वेग निवडू नका आणि शेवटी व्हेरिफाय (भरलेलं मूळ फाइलींशी जुळतंय का ही तपासणी) केल्याशिवाय डिस्क बाहेर काढू नका. हे फार जण टाळतात आणि पाच वर्षांनी रडतात.

फाइली फ्लॅक या फाइल-प्रकारात बदलल्या तर आवाजाला जराही धक्का न लागता जागा बरीच वाचेल. मग दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्क घेऊन दोन संच करा, एक चिपळूणबाहेर ठेवा. यादी मात्र खुशाल आरडब्ल्यूवर राहू द्या, पक्की झाली की आरवर घ्या.

धागाकर्ती

खूप आभार दादा. आज पहिली आर भरली, व्हेरिफायही झाली. लगेच काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघितली. सातव्या कॅसेटमध्ये एका जागी जात्याची घरघर थांबते, बांगड्या वाजतात आणि आजी कुणाला तरी म्हणते, "दाणं सार गो पुढे." तेही जसंच्या तसं आलंय. फ्लॅक करताना असले मधले तुकडे मी कापणार नाहीये.

दुसरा संच कोल्हापूरला मावशीकडे जाईल. एकच विचारायचं राहिलं: कुरियरने पाठवायच्या तर प्रत्येक डिस्क वेगळ्या कडक डबीत घालू, की चारही एका दांड्याच्या गोल डब्यात चालतील?