मदत हवी आहे : कल्पनेतला हात मेंदूत नेमका कुठं शोधू?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोठेबाबांना लकवा मारल्यापासून त्यांचा उजवा हात उचलत नाही. नुसत्या विचारानं त्यांना पंखा-दिवा लावता यावा, म्हणून कॉलेजचं आठ इलेक्ट्रोडचं ईईजी यंत्र (डोक्यावरून मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारं) घरी आणलंय.

आधी स्वतःवर तपासलं. उजवा हात खरंच हलवला की डोक्याच्या डावीकडच्या सी३ या इलेक्ट्रोडवर ८ ते १३ हर्ट्झची म्यू लय (हात स्वस्थ असताना दिसणारी मेंदूची लहर) ठळक दबते. पण हात न हलवता नुसतं 'कापूस वेचतोय' असं मनात आणलं की सी३ वर जेमतेम फरक, आणि मागं, दृश्याच्या भागावरच्या ओ१-ओ२ या इलेक्ट्रोडवर मोठा. मला वाटतं, मी बोंड डोळ्यांपुढं बघतो, बोटांत ते जाणवत नाही, म्हणून दृश्याच्या भागातली, तितक्याच हर्ट्झची अल्फा लय मध्ये येते. आईला म्हटलं, "बोंडातून कापूस ओढतानाची ओढ आठव." तिचं सी३ लगेच दबलं! तिची सारी हयात वेचणीत गेली.

आता अडलोय ते इथं. फिजिओनेट या खुल्या संग्रहातल्या ६४ चॅनेलच्या (इलेक्ट्रोडच्या) डेटातून स्लोरेटानं (लहर मेंदूत कुठून उठते ते काढणाऱ्या गणिती पद्धतीनं) जागा बरी सापडते. आठच चॅनेलवर ती काढण्यात अर्थ आहे का, की लाप्लासियन फिल्टरवर (शेजारच्या इलेक्ट्रोडची सरासरी वजा करण्यावर) थांबू? आणि मोठेबाबांची इजा डाव्या मेंदूतच आहे. मग सी३ वर विसंबू, की उजवीकडचा सी४ सुद्धा धरू? लकव्याच्या रुग्णांसोबत कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा, मोठेबाबा रोज विचारतात.