दहावीतला मुलगा, टपरीवरचे दोस्त आणि रात्रीचं फ्री फायर, कसं सांभाळायचं?

वावरातली_ताई

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यातून लिहितेय. मोठा मुलगा यंदा दहावीत आहे, शाळा तालुक्याला, सकाळच्या एसटीनं जातो, आधी ट्यूशन मग शाळा आणि घरी येता येता दिवस बुडतो. पोरगा गुणाचा आहे, नववीपर्यंत काही बोलायची वेळ आली नाही, पण पोळ्यापासून काहीतरी बिनसलंय. पोळ्याला मोठी पोरं पत्ते मांडून बसतात त्यात हा पण होता असं जाऊबाईंनी सांगितलं, आणि मागच्या आठवड्यात पँट धुवायला काढली तर खिशात खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) पन्नी. विचारलं तर म्हणे मित्राची आहे. रात्री जेवण झालं की मोबाइल घेऊन अंगणात, चार पोरं फ्री फायर खेळतात, एक एक वाजतो, सकाळी उठवता उठवता माझा जीव जातो आणि एसटी हुकली की ट्यूशन बुडते. आता सोयाबीन काढायला आलंय, पुढे कापूस वेचणी, मग हरभऱ्याला रात्रीचं पाणी, बापाला पण हाताखाली पोरगा लागतो, मग अभ्यास कधी करणार तो? मित्र तोडायला सांगितले तर दोन दिवस जेवला नाही. गाव लहान, जाणार तरी कुठे, तीच पोरं समोर. कोणी या वयाची मुलं सांभाळली असतील तर सांगा, मला खरंच काळजी लागून राहिली आहे.

कास्तकार_पुसद

ताई, मोबाइल काढून घ्या आणि सरळ वसतिगृहात टाका. आमच्या पुतण्याला टाकला, सुधारला. खेड्यात राहिला की पोरगं हातचं जाते, दहावीचं वर्ष पुन्हा येत नाही.

भरतीवाला_वर्धा

काकू नमस्कार, मी २१ चा हाव, पोलीस भरतीची तयारी करून राह्यलो, म्हणून पोट्ट्यांच्या बाजूनं सांगतो. वरच्या काकांचा राग नाई पण वसतिगृहातबी पोट्टेच रायतात ना, तेथी तं घरचं कोणीच नसते पाह्याले, मी दोन वर्ष राह्यलो हाव म्हणून सांगतो.

टपरीवर कोणी कोणाले जबरदस्ती करत नाई. पन्नी फिरत येते, सगळे चिमूट घेतात, आपल्यापाशी आली की नाई म्हणाले जीवावर येते, काहून की नाई म्हटलं म्हंजे आपण त्यायच्यातले नाई असं होते. तुम्ही "त्यायच्या नादी लागू नको" म्हणता तवा त्याले ऐकू येते "एकटा राय". पंधरा सोळाच्या पोट्ट्याले एकटं रायणं खर्र्यापेक्षा वाईट वाटते हे लक्षात घ्या. म्हणून त्याले नाई म्हणाची जागा पाह्यजे, म्हंजे बहाणा. माह्या मायनं मले सांगून ठेवलं होतं की सगळं माह्यावर ढकल, म्हण माय तोंडाचा वास घेते, घरात घेत नाई. पोट्टे हसले, चार दिवस चिडवलं, मंग पन्नी माह्यापाशी यायचीच बंद झाली. आन दुसरं, त्यानं नुसता मिसकॉल देला की तुम्ही उलटा फोन करा आन जोरात म्हणा, घरी ये आत्ताच्या आत्ता. कोणाले समजत नाई, तो शिव्या देत देत उठून येऊ शकते. पण घरी आल्यावर "कुठी होता, कोण कोण होतं" अशी उलटतपासणी केली तं पुढच्या वेळी मिसकॉल येणार नाई, हे पक्कं.

आन मित्रांसमोर त्याले बोलू नका. कधीच नाई. एकदा अंगणात चार पोट्ट्यांसमोर त्याचा पाणउतारा झाला की तो तुमच्याच इरुद्ध जाऊन दाखवते.

गणिताचे_सर

मी दहावीला गणित शिकवतो, जिल्हा वाशीम. वर्धेच्या मित्राचं बोलणं अगदी बरोबर आहे आणि त्याला आधारही आहे. अमेरिकेत २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग केला होता, मुलांना गाडी चालवायचा व्हिडिओ गेम दिला, काहींनी एकट्यानं खेळायचा आणि काहींनी सोबतचे मित्र बघत असताना. तेरा ते सोळाची मुलं मित्र बघताहेत म्हटल्यावर जास्त धोका घ्यायची, चोवीसच्या वरच्या मोठ्यांना मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुमचा मुलगा घरी समजूतदार वागतो आणि चौकात वेगळा वागतो यात तो खोटारडा आहे असं नाही, या वयात मेंदूच तसा चालतो, आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. तेव्हा "घरी तर शहाण्यासारखा बोलतोस आणि बाहेर असा" हे वाक्य बोलू नका, त्याला स्वतःलाही कळत नसतं.

आता वेळेचं. ताई, टाइमटेबल भिंतीवर चिकटवून काही होत नाही, मी दरवर्षी बघतो, दिवाळीपर्यंत कागद पिवळा पडतो. आधी त्याच्याच हातानं एका आठवड्याचा खरा हिशोब लिहून काढा, एसटीची वाट बघण्यात किती, ट्यूशन किती, वावर किती, मोबाइल किती. लिहिणारा तो, तुम्ही फक्त बघायचं, शेरा मारायचा नाही. मुलांना स्वतःच धक्का बसतो. झोप त्यात पहिली लिहा, या वयाला ८ ते १० तास लागते, आणि या वयात झोप मुळातच उशिरा यायला लागते त्यामुळे पहाटे चारला उठवून पुस्तकासमोर बसवण्यात काही अर्थ नाही, डोळे उघडे आणि डोकं बंद.

एसटीची वाट बघतो तेव्हा इंग्रजीचे शब्द, इतिहासाची उत्तरं होतात. घरी आल्यावर मात्र एकच जड विषय, गणित किंवा विज्ञान, तास-सव्वा तास, जेवणाच्या आधी. बीजगणित, भूमिती आणि विज्ञानाचे दोन भाग, सगळे लेखी पेपर ४०-४० मार्कांचे आहेत, रोज थोडी गणितं वहीवर सोडवली की पुरतं. कापूस वेचणीच्या दिवसात घरी काम असणारच, ते नाकारू नका, पण बापाशी बसून आधीच ठरवा की कोणते दिवस वावरात आणि कोणते नाही. रोज ऐनवेळी हाक मारली की अभ्यास मोडतो आणि पोराला बहाणाही मिळतो. आणि जानेवारीनंतर रात्रीच्या पाण्याला त्याला नेऊ नका, एवढं नवऱ्याकडून कबूल करून घ्याच.

भरतीवाला_वर्धा

सर गेमचं म्या सांगतो, ते तुमाले नाई समजणार. काकू "अर्ध्या घंट्यात बंद कर" म्हणू नका. चार जणाचा स्क्वाड असते, मधातच सोडलं तं बाकीचे तिघं हारतात आन दुसऱ्या दिवशी त्याले तेच ऐकाव लागते. एक मॅच साधारण १० मिनिटाची रायते. म्हणून मॅच ठरवा, घड्याळ नाई. जेवणाआधीचा अभ्यास झाला की तीन मॅच, मंग मोबाइल तुमच्या खोलीत चार्जिंगले. त्याच पोट्ट्यांच्या माय-बापाशीबी बोलून घ्या, चारही घरी एकाच टाइमले बंद झालं तं कोणाचीच इज्जत जात नाई. हे सगळ्यात जास्त कामी येते. डायमंड (गेममधले विकतचे पॉइंट) घ्याले पैसे मागत असन तं तेबी पाहा, बापाच्या फोनपेवरून पैसे जाऊन राह्यले का.

सिस्टर_अमरावती

मी उपकेंद्रात एएनएम (आरोग्य सेविका) आहे, त्यामुळे खर्र्यावरच लिहिते. ताई, पन्नी मित्राची असेल किंवा त्याची, भांडण करू नका, पण हलक्यातही घेऊ नका. आपल्याकडे खर्र्याला व्यसन कोणी मानतच नाही, पाहुण्याला पण देतात. सुपारी, तंबाखू आणि चुना, तिन्ही मिळून तोंडाच्या आतली कातडी जळते आणि ताठ व्हायला लागते. माझ्याकडे विशीतली मुलं येतात, त्यांचं तोंड उघडत नाही, भाजीचा घास जात नाही, तिखट तर लावूच शकत नाहीत. मुलाला सांगा, तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघ. जात नसतील तर लगेच दाखवा. हा ताठपणा एकदा आला की पूर्ण जात नाही, लवकर सोडलं तर निदान वाढायचा थांबू शकतो. आणि "तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे" असं मुलं सांगतात, त्याला भुलू नका, तंबाखू नसलेली सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलंय.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे तो एकटा बोलू शकतो, तुम्ही बाहेर बसा. तंबाखू सोडायला १८०० ११ २३५६ हा फुकटचा नंबर आहे, आणि मन लागत नाही, झोप नाही, चिडचिड आहे असं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६.

शाळेपासून १०० यार्डाच्या आत तंबाखू विकायची नाही आणि १८ च्या खालच्याला तर कुठेच विकायची नाही, २००३ च्या कायद्यात आहे. शाळेच्या पालक सभेत हे बोला, एकट्यानं टपरीवाल्याशी भांडायला जाऊ नका, आठ-दहा बायका मिळून गेल्या की तो ऐकतो. गडचिरोलीत मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या कामात गावोगावच्या बायकांनी दारू आणि खर्रा असाच बंद करायला घेतला.

एक विचारू का ताई, घरात कोणी खर्रा खातं का?

वावरातली_ताई

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सिस्टर, हो, त्याचे बाबा खातात. आणि लहानपणापासून ह्यालाच पाठवतात आणायला. मी म्हटलं तर म्हणतात आम्ही पण खाल्ला, आमचं काय झालं. मोटारसायकलचं पण तेच, ट्रिपल सीट जातात तिघं जण, बाबा म्हणतात खेड्यात कोण पाहते.

सिस्टर_अमरावती

मग सुरुवात तिथूनच करा ताई, पोराचं नंतर. सोडणं एका दिवसात होणार नाही हे मला माहीत आहे, पण पोराच्या हातून मागवणं तर आजच बंद होऊ शकतं. लहान मुलाच्या हातात तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धमकी म्हणून नाही सांगत, त्यांना हे ठाऊकच नसेल. आणि मुलासमोर म्हणायला सांगा की मलाही सोडायचंय आणि मला जड जातंय. बाप असं बोलला की पोरगा ऐकतो, मी पाहिलंय.

गणिताचे_सर

गाडीचं पण तसंच. २०१९ पासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. लायसन्स नाही म्हणजे उद्या ड्रायव्हरची नोकरी, भरती, सगळंच अडकतं. बाबांना दंडापेक्षा हे सांगा.

कास्तकार_पुसद

भरतीवाला म्हणतो ते पटलं, वसतिगृहाचं घाईत बोललो. पण ताई बापाला समजावायला बाईनं सांगून भागत नाही, तुमचे मोठे दीर किंवा गावातला कोणी वडीलधारा असेल त्याला बोलायला लावा. पोळ्याच्या पत्त्यांचं पण तोच थांबवू शकतो.

भरतीवाला_वर्धा

काकू शेवटचं एक. त्याले सोडाले लावता तं त्याच्या बदल्यात काही द्या. तुमच्या गावातबी भरतीवाले पोट्टे पहाटे रोडनं पळत असतील. शारीरिकमध्ये १६०० मीटर, १०० मीटर आन गोळाफेक रायते, दम लागते म्हणून त्यायच्यातले बहुतेक खर्रा खात नाईत, खाल्ला तं बाकीचेच बोलतात. त्याले तेथी पाठवा, पण रोज नाई, सुट्टीच्या दिवशी फक्त, झोप मोडून नाई. बूट लगेच महागाचे घेऊ नका, आधी साधे घ्या. आन एखाद्या मोठ्या पोट्ट्याले सांगा की ह्याले बोलवाले घरी ये, तुम्ही पाठवलं तं तो जाणार नाई, दोस्तानं बोलावलं तं जाईन.

वावरातली_ताई

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे भरतीचा, त्याच्या आईला ओळखते मी, उद्याच बोलते. दिरांना पण सांगते. आणि बाकीच्या तीन घरी मोबाइलचं बोलायचं तर कसं काढू विषय? त्यातल्या एका घरी आमचं बांधावरून जमत नाही.

गणिताचे_सर

त्या घरी तुम्ही जाऊ नका. शाळेतल्या वर्गशिक्षकांना सांगा, ते पालक सभेत चारही घरांना एकदम सांगतील, नाव न घेता. फोन करण्यापेक्षा एकदा शाळेत जाऊनच भेटा.