गोळ्या अशा एकदम तोडू नका
वर ताईंनी लिहिलंय की जावेला दिवस गेले आणि सासूबाई म्हणाल्या म्हणून डिप्रेशनच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या, ते वाचून राहवलं नाही. आमच्या सांगलीकडं हे सर्रास चालतं, पण झटक्यात सोडल्या की चक्कर, झोप उडणं, चिडचिड सुरू होते आणि आजार उलटू शकतो, मग नीट जेवण नाही, तपासण्या चुकतात, त्रास बाळालाच की. धोका अजिबात नाही असं म्हणत नाहीये हां. पॅरॉक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळीबद्दल २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बाळाच्या हृदयातल्या दोषांवरून इशारा दिलेला, ती असेल तर लगेच विचारा, सर्ट्रालिन ही दुसरी गोळी मात्र बरेच डॉक्टर चालू ठेवतात. शेवटच्या महिन्यांत घेतल्या तर काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस किरकिरी, थरथरणारी असतात, बहुतेकांचं आपोआप जातं. फुफ्फुसातल्या रक्तदाबाचा एक गंभीर प्रकार आहे, पण तो गोळ्या न घेता हजारात २ बाळांत, घेतल्यावर साधारण ३ बाळांत, एवढाच फरक. मिरजेला इतके दवाखाने आहेत, गायनॅक आणि सायकियाट्रिस्टला एकमेकांशी बोलायला लावा, सासूबाईंनापण सोबत न्या. रात्री-अपरात्री तिचा जीव घाबरला तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.