जपानचे निवृत्तिवेतन : एकरकमी परतावा घ्यावा की कालावधी राखून ठेवावा?

प्रेषक : मुलुंडहून, वै.

सर्व सभासदांस नमस्कार.

योकोहामा सोडल्याला दोन वर्षे होत आली आहेत आणि दात्ताई इचिजिकिनचा, म्हणजे जपान सोडणाऱ्या परदेशी माणसाला मिळणाऱ्या पेन्शन-वर्गणीच्या एकरकमी परताव्याचा, अर्ज त्या मुदतीत गेला नाही तर तो हक्क जातो, म्हणून घाईने लिहीत आहे. अर्ज भरून तयार आहे. परंतु बँकेच्या रकान्यात शाखेचा शिक्का हवा आणि आमच्या शाखेतील अधिकारी जपानी मजकुराच्या कागदावर शिक्का मारण्यास राजी नाहीत. शिवाय पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून वडिलांचे पूर्ण नाव आहे, तर बँकेत त्यांचे केवळ आद्याक्षर. अशा वेळी इतरांनी काय केले? आणि परतावा घेऊच नये असे नानासाहेब मेळाव्यात म्हणाले होते, ते सरसकट सर्वांना लागू होते काय?

प्रेषक : नाना, पार्ले

ताई, तेव्हा म्हणालो तेच आताही म्हणतो : घेऊ नका. भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करारावर १६ नोव्हेंबर २०१२ रोजी सह्या झाल्या आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून तो अमलात आला. त्यापूर्वी आमच्या पिढीतील कित्येकांची वर्गणी दोन्ही देशांत कापली जाई आणि पेन्शन एकाही देशाचे पदरात पडत नसे. आता कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठवलेल्या माणसाला एकाच देशात वर्गणी भरावी लागते. आणि ज्यांनी दोन्हीकडे निरनिराळ्या काळात ती भरली आहे, त्यांचा दोन्हीकडचा कालावधी पात्रतेसाठी एकत्र धरला जातो. जपानची पात्रता पूर्वी २५ वर्षांची होती, ती ऑगस्ट २०१७ पासून १० वर्षांवर आली आहे. रक्कम अर्थातच तिथल्या वर्षांपुरती मिळेल, पण पासष्टीनंतर तहहयात मिळेल. एकदा परतावा घेतला की मात्र त्याआधीचा सगळा कालावधी पुसला जातो, त्यातला एक महिनाही पुढे धरता येत नाही. जपानने या करारात मोठे मन दाखवले आहे, त्याचा आपण मान राखावा.

प्रेषक : गिरगावातून, अ. द.

नानासाहेबांच्या शेवटच्या वाक्यापुरतेच लिहितो. दोन देशांच्या करारात मोठ्या मनाचा संबंध कुठे येतो? जपानी कंपन्यांनी इथे पाठवलेल्या माणसांचाही भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, आणि त्यांनाही तो नकोच होता. या दोन देशांतला व्यापारी करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि पुढच्याच वर्षी या करारावर सह्या झाल्या, हा क्रम बोलका आहे. मुंबईला तर हे नवीन नाही. १८९३ च्या नोव्हेंबरात निप्पॉन युसेन काइशा या जपानी बोट कंपनीने जमशेटजी टाटांच्या साथीने मुंबई–कोबे बोटी सुरू केल्या, त्या इथला कापूस ओसाकाच्या गिरण्यांना स्वस्त भाड्यात पोचावा म्हणून. पी अँड ओ या ब्रिटिश बोट कंपनीने लगेच आपले भाडे पाडून त्या बुडवण्याची शिकस्त केली. पुढे १९३३ मध्ये इथल्या सरकारने जपानी कापडावरचा कर ७५ टक्क्यांवर नेला, तेव्हा जपानी खरेदीदारांनी आपला कापूस घेणेच थांबवले. तडजोड झाली ती १९३४ मध्ये, आणि तीही गाठींच्या हिशेबाने : जपानने वर्षाला १० लाख गाठी उचलाव्यात, तर त्यांचे ३२.५ कोटी वार कापड आत येऊ द्यावे. माझे आजोबा कॉटन ग्रीनच्या गोदामात तोलारी होते आणि बहिष्काराच्या त्या महिन्यांत वखारीत छतापर्यंत गाठी रचलेल्या असत, असे ते सांगत. तेव्हा उपकाराची भाषा नको; ज्याची गरज अडली त्याने सही केली.

प्रेषक : ठाण्याहून, मी. क.

वैं.चा प्रश्न कापसाचा नव्हता. अर्जावर शिक्का मिळत नसेल तर बँकेचे नाव, शाखा, खाते क्रमांक आणि खातेदाराचे नाव दाखवणारा, बँकेनेच दिलेला कागद सोबत जोडला तरी चालतो. मी शाखेकडून त्यांच्या लेटरहेडवर चार ओळींचे इंग्रजी पत्र घेतले. त्यासाठी कोणाला जपानी वाचावे लागले नाही. नावासाठी मात्र आधी बँकेत पासपोर्टची प्रत देऊन खात्यावरचे नाव तंतोतंत तसेच करून घ्यावे, कारण पैसे नावाच्या तफावतीवर अडतात. कोणी मंत्रालयातून अपोस्टिल, म्हणजे परदेशी वापरासाठी कागद खरा असल्याचा सरकारी दाखला, घेण्याचा सल्ला देईल तर ऐकू नये. दोन्ही देश अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, जपान १९७० पासून आणि भारत २००५ पासून, हे खरे. परंतु या अर्जाला पासपोर्टची साधी प्रत पुरते. वाणिज्य दूतावासातही जाण्याचे कारण नाही, अर्ज थेट जपानच्या निवृत्तिवेतन संस्थेकडे टपालाने जातो.

प्रेषक : कार्यवाह

सभासदांच्या निदर्शनास आणू इच्छितो की या विषयावर समितीने माहितीपत्रक काढले असून ते सर्वांना पाठवलेले आहे. त्यात परताव्याची कमाल मर्यादा ३६ महिने असल्याचेही नमूद आहे. यादीवर परस्पर सल्ले देण्यापूर्वी पत्रक पाहावे, ही विनंती.

प्रेषक : दादरहून, श्री. पां.

माहितीपत्रकातील ३६ महिने एप्रिल २०२१ पासून ६० झाले आहेत. परंतु ताईंचा निर्णय त्यावर अवलंबून नाही. नानासाहेबांचा सल्ला ज्यांच्या भारतातील पेन्शन योजनेत वर्गणी जमा होते त्यांच्यासाठी रास्त आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो प्रथमच भविष्य निर्वाह निधीचा सभासद झाला आणि ज्याचे मूळ वेतन १५,००० रुपयांहून अधिक आहे, त्याला पेन्शन योजनेत घेतलेच जात नाही. मालकाचा संपूर्ण हिस्सा निधीत पडतो. मग जपानच्या कालावधीत मिळवायचे काय? ताई, आपल्या भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकातला पेन्शनचा तिसरा रकाना पाहा. तिथे दरमहा १,२५० रुपये दिसत असतील तर थांबा, शून्य दिसत असेल तर अर्ज टाका. पोटापुरता व्यवसाय करणाऱ्यांचे किंवा नुसते पीपीएफ भरणाऱ्यांचेही हेच.

प्रेषक : मुलुंडहून, वै.

रकाना कोरा आहे. शिक्षण संपताच मी जपानला गेले, त्यामुळे त्याआधीचेही काही खाते नाही. मी. क. यांच्या सल्ल्याप्रमाणे नावाच्या दुरुस्तीचा अर्ज शाखेत दिला असून पत्रही मिळेल असे कबूल झाले आहे. अर्ज याच आठवड्यात रवाना करते. कोसेइ नेनकिनच्या, म्हणजे जपानमधील नोकरदारांच्या पेन्शन योजनेच्या, परताव्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो आणि तो परत मागण्यासाठी जपानात राहणारा कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. योकोहामातील सभासदांपैकी कोणी ते काम पत्करेल काय?

प्रेषक : नाना, पार्ले

श्री. पां. यांचा मुद्दा मान्य केला तरी ताई अजून तरुण आहेत. उद्या पुन्हा जपानात नोकरी लागली, तर ही वर्षे तिथल्याच दहांत मोजता आली असती. आपण निर्णय घेतलाच आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. गिरगावकरांना कापसाबद्दल स्वतंत्रपणे कळवीन. १८९४ मध्ये जपानने मुंबईत वाणिज्य दूतावास उघडला, हे त्यांच्या हिशेबात राहून गेले आहे.

प्रेषक : कार्यवाह

६० महिन्यांची दुरुस्ती समितीच्या पुढील बैठकीत ठेवण्यात येईल. कर-प्रतिनिधीची विनंती कृपया वेगळ्या विषयाने पाठवावी, म्हणजे ती योकोहामा शाखेकडे रीतसर पुढे पाठवता येईल.