चर्चा: 'ज्ञ' आमचा द्न्य, की त्यांचा ग्न?

दांडियाबाजारकर:
पारायणात एका मराठी घरातल्या गुजराती सुनेनं 'ग्नानेश्वरी' म्हटलं. लगेच एका काकूंनी सगळ्यांदेखत टोकलं, "शुद्ध बोल, द्न्या." मला नाही पटलं. बडोद्यात शेजारी ग्नान म्हणतात, इंदूरचे नातेवाईक ग्यान, आपण द्न्यान. शुद्ध यातलं एकही नाही. जोडाक्षर ज् आणि ञ यांचं. धातू ज्ञा, रूप जानाति. यात द् आला कुठून?

जुना_मास्तर:
ज् आणि ञ लागोपाठ म्हणून बघा, जीभ अडखळते. प्रत्येक भाषेनं आपापली वाट काढली. मराठी ग्रंथ मराठी वळणानंच वाचायचा. काकूंचं काय चुकलं?

दांडियाबाजारकर:
मराठी वळण म्हणा, हरकत नाही. 'शुद्ध' म्हणू नका. यज् धातूला 'न' प्रत्यय लागला की पाणिनीच्या 'स्तोः श्चुना श्चुः' (8.4.40) या सूत्रानं न चा ञ होतो, म्हणून यज्ञ. याच् ला तोच प्रत्यय लागून याच्ञा, म्हणजे याचना. त्यात कुणी द् घालत नाही.

रावपुरा_७:
मग ग्न वाल्यांची बाजू वरचढ! ग्रीक 'ग्नोसिस' याच मुळातला. म्हणजे ग च जुना.

दांडियाबाजारकर:
छे! मूळ ध्वनीचा संस्कृतात आधीच ज झालेला होता. गुडघ्याला ग्रीकात 'गोनु', संस्कृतात जानु. गुजरातीतला ग खूप नंतरचा, तो काही ग्रीकांकडून आलेला नाही.

माहेर_पुणे_सासर_बडोदे:
मराठी वळण कुठलं, मास्तर? आज्ञा ची झाली आण, राज्ञी ची राणी, विज्ञप्ती ची विनंती, यज्ञोपवीताचं जानवं, सज्ञान चा शहाणा. एकात तरी द् सापडतो का? प्राकृतातून घरी आलेल्या शब्दांत आपण ण-न च ठेवला. द्न्य ही पोथी वाचणाऱ्यांची देणगी. आणि काकूंना तेरावा अध्याय वाचायला द्या. ज्ञानाच्या लक्षणांत पहिलंच अमानित्व, म्हणजे मोठेपणा न मिरवणं, आहे.

जुना_मास्तर:
टोमणा पोचला. पण तुम्ही दिलेले सगळे तद्भव, म्हणजे संस्कृतातून बदलत आलेले. ज्ञान तत्सम आहे, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला, तो शिकवूनच येतो, आणि मराठीत शिकवण द्न्य चीच आहे. व्युत्पत्ती काढून उच्चार ठरवायचा तर उद्या 'शहाणा' सुद्धा सज्ञान म्हणावा लागेल. चाळीस जण एका सुरात ओवी म्हणतात तिथं एकच उच्चार हवा. घरी तिनं खुशाल ग्नान म्हणावं.