व्हर्नियरची निगेटिव्ह झिरो एरर: ७ धरायची की ३?

अकरावीचं प्रॅक्टिकल आहे, व्हर्नियर कॅलिपरवर (जाडी-व्यास मोजायचं साधन) अडकलोय. व्हर्नियरवर (सरकत्या पट्टीवर) १० भाग, लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०१ सेमी. जबडे पुसून नीट बंद केले तरी व्हर्नियरचा शून्य मेन स्केलच्या शून्याच्या जरासा डावीकडेच राहतो आणि ७वी रेघ जुळते, म्हणून मी झिरो एरर (जबडे बंद असतानाच दिसणारी चूक) −०.०७ सेमी धरली, पण पार्टनर म्हणतो १० मधून ७ वजा कर, −०.०३ येईल. स्टीलच्या गोळीचं रीडिंग १.८७ सेमी आलं, तीच गोळी आणखी बारीक मोजणाऱ्या स्क्रू गेजने (त्याला झिरो एरर नाही, बघितलंय) १९.०५ मिमी भरली, म्हणजे पार्टनरचंच (१.८७ + ०.०३ = १.९० सेमी) बरोबर निघालं, वैताग नुसता! निगेटिव्ह एरर रीडिंगमध्ये मिळवायची हे माहितीये, तो प्रश्न नाही. रेघ जर ७वी जुळते तर १० मधून वजा का करायचं, कोणी आकृतीसारखं समजावून सांगेल का?