सड्याचं वर्षचक्र काचेत: खिडकीच्या काचेवर रंगीत फ्रिट चालेल का?

जांभा_रेषा
30 सेंमी व्यासाची फ्यूज केलेली (भट्टीत वितळवून एकजीव केलेली) काचेची तबकडी करायची आहे. विषय कासच्या सड्याचं, म्हणजे जांभ्याच्या पठाराचं, वर्ष. चार समान चतकोर: उन्हाळ्यातला कोरडा जांभा, पावसातली हिरवळ आणि फिरोजी डबकी, त्याला लागून सोनकीचा पिवळा व तेरड्याचा गुलाबी, शेवटी वाळलं गवत. पाया 3 मिमी खिडकीच्या काचेचा, वर 90 सीओईची (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा) फ्रिट, म्हणजे रंगीत काचेचे दाणे. फ्रिट किती लागेल? भट्टीचं वेळापत्रक काय ठेवू?

भट्टीवाला
आधी पाया बदला. खिडकीची काच 90च्या काचेपेक्षा कमी प्रसरण पावते, म्हणून थंड होताना दोन्ही थर वेगवेगळे आकसतात. भट्टीतून तबकडी अखंड निघाली तरी ताण आतच राहतो आणि काही दिवसांनीही तडा जाऊ शकतो. अ‍ॅनिलिंग (ठराविक तापमानाला थांबून काच सावकाश थंड करणं) वाढवून हा ताण जात नाही. पाया 90चाच पारदर्शक घ्या, शक्यतो फ्रिटच्याच कंपनीचा. आकडा सारखा म्हणजे काच जुळलीच असं नाही. शंका असेल तर प्रत्येक रंगाचा छोटा तुकडा पारदर्शक पट्टीवर फ्यूज करून एकमेकांना काटकोनात धरलेल्या दोन पोलरायझिंग फिल्टरांमधून पाहा. तुकड्याभोवती उजेडाचं वलय दिसलं तर तो रंग वापरू नका.

काचचूर्ण
समान चतकोर मात्र पटत नाहीत. सडा वर्षातला बराच काळ उघडा, कोरडा असतो आणि बहर थोडका; ते प्रमाण दिसलं तरच चक्र कळेल. महिन्याला 30 अंश धरा: डिसेंबर ते मे 180, जून ते ऑगस्ट 90, सप्टेंबर-ऑक्टोबर 60, नोव्हेंबर 30. 3 मिमी पायावर वितळून 3 मिमी थर हवा असेल तर एकूण साधारण 530 ग्रॅम फ्रिट लागेल. त्याच क्रमाने वाटणी 265, 132, 88 आणि 44. एकूण जाडी 6 मिमीच ठेवा. कमी असेल तर कडा आत ओढल्या जातात, जास्त असेल तर काच बाहेर पसरते.

डबक्यांना जाड दाण्याची फ्रिट घ्या, पाणी स्वच्छ दिसेल. बारीक दाण्यांत हवा अडकते आणि रंग दुधाळ होतो. ढग-धुक्याला तेच हवं. चूर्ण हाताळताना एन-95 मास्क घालाच.

फिरोजीत तांबं असतं आणि बऱ्याच पिवळ्यांत गंधक. दोन्ही भिडले की सांध्यावर गडद तपकिरी रेघ उठते. नको असेल तर मध्ये 4-5 मिमी पारदर्शक फ्रिट टाका. मी तर ती रेघ ठेवेन. डबक्याचा काठ जांभ्याचाच असतो.

गुलाबी बहुधा सोन्यावर बनलेला असतो आणि भट्टीत जाण्याआधी जवळजवळ रंगहीन दिसतो. डबे नाव लिहून वेगळे ठेवा.

भट्टीवाला
वेळापत्रक (सेल्सिअसमध्ये): ताशी 200° ने 650° पर्यंत, तिथे 45 मिनिटं, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. मग ताशी 300° ने 800°, 10 मिनिटं. तिथून झटपट 482°, एक तास. पुढे ताशी 80° ने 370°, मग भट्टी बंद. 50° च्या खाली येईपर्यंत झाकण उघडू नका. खाली किल्न वॉश (काच चिकटू नये म्हणून भट्टीच्या फळीला लावायचा लेप) पूर्ण वाळलेला हवा. ओल राहिली तर वाफेचे फुगे येतात.

जांभा_रेषा
फुलं सपाट न होता उठून दिसायला हवीत. एकाच फायरिंगमध्ये होईल?

काचचूर्ण
नाही. 800° ला दाणे वितळून सपाट होतात. फुलं दुसऱ्या फायरिंगला ठेवा. आता काच एकसंध आणि जाड झालेली असते, म्हणून ताशी 150° नेच चढवा. 740°, 10 मिनिटं. उंचसखल काच असमान थंड होते, तेव्हा अ‍ॅनिलिंग 12 मिमी जाड काचेचं धरा: 482° ला दोन तास, मग ताशी 55° ने 427°, ताशी 100° ने 370°. दाणे फारच टोकदार राहिले तर पुढच्या वेळी 10° वाढवा.